भिंतीकडे तोंड केलेला बाक

गल्लीत काय काम करावं हे लोकांनीच ठरवावं म्हणून पालिकेने मोबाइलवर ॲप काढलं, तेव्हा पहिला संशय आला तो ऑडिटरसाहेबांना. उभी हयात दुसऱ्यांच्या हिशेबातली खोट काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही दूधवाल्याच्या मापावरून त्यांची नजर हलत नसे. प्रत्येकाने काम सुचवायचं, पटेल त्या सूचनेला आपलं एक मत द्यायचं, वाटलं तर ते बदलायचं, सर्वांत जास्त मतं मिळतील ते काम होणार. नावं मात्र गुप्त.

"नावं गुप्त, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच," ते बायकोला म्हणाले. "कामं आधीच ठरलेली असणार."

बायको मुरगळलेला पाय उशीवर ठेवून बसली होती. गल्लीच्या तोंडाशी उखडलेल्या फरशीचा तो प्रताप. ती फरशी नीट बसवावी अशी सूचना तिने टाकली होती, आणि नवऱ्याने तिला मत द्यावं एवढंच तिचं म्हणणं होतं. साहेबांनी बघतो म्हणून सांगितलं आणि गुपचूप स्वतःची सूचना टाकली: कोपऱ्यावर एक बाक बसवावा, त्याचं तोंड भिंतीकडे असावं. कुणी खरंच वाचतं का, हे त्यांना पाहायचं होतं. मतही त्यांनी बाकालाच देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून बाकाची मतं वाढायला लागली. साहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. इस्त्रीवाल्याला त्यांनी आडून विचारलं, तर तो शर्टाची कॉलर दाबत गालातल्या गालात हसला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना मोठा आ करायला लावून विषयच संपवला. बाकाचं कंत्राट कुणाच्या तरी मेहुण्याला गेलंय, अशी साहेबांची खात्री झाली.

बाक जिंकला. मजूर आले आणि भिंतीकडे तोंड करून बाक पक्का बसवून गेले. तो बघायला गल्ली गोळा झाली, आणि मग हळूहळू एकेक जण कबुली द्यायला लागला. आपलं मत कोण मोजतंय, असंच प्रत्येकाला वाटलं होतं. बघू या तरी म्हणून त्यांनी सगळ्यांत येडपट सूचना निवडली होती. साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"मीसुद्धा," ती म्हणाली. "माझ्या फरशीला घरचंही मत पडेना. म्हटलं, ॲप तरी खरं आहे का बघावं. मत बदललं."

तेवढ्यात काम तपासायला आलेल्या पालिकेच्या इंजिनीअरबाईंनी गल्लीतले वडीलधारे म्हणून साहेबांना बाजूला घेतलं. ऑफिसात सगळे चक्रावले होते म्हणे. एवढी माणसं एकमुखाने असं काही मागतात, ते उगाच नाही.

"काका, खरं सांगा," त्यांनी आवाज खाली आणला. "त्या भिंतीमागे काय आहे?"

"काही नाही हो."

इंजिनीअरबाई सावकाश हसल्या. लपवाछपवी करणाऱ्या कारकुनांकडे पाहून साहेब आयुष्यभर अगदी तस्सेच हसत आले होते. त्यांनी शपथ घेतली, हातवारे केले; बाईंचं हसू तेवढं रुंद होत गेलं.

सगळे पांगल्यावर साहेब बायकोला टेकू देत बाकावर येऊन बसले. समोर नुसती भिंत. फरशीसाठी उद्या आपणच पालिकेत जाऊ, असं त्यांनी तिला कबूल केलं.

मग साहेबांनी मागे-पुढे पाहिलं आणि पुढे वाकून बोटाने भिंत वाजवून पाहिली.