ठमाबाईंच्या घरातला बास

केतनने गाडीच्या डिकीत सबवूफर, म्हणजे गाण्याचा खालचा, घुमणारा आवाज काढणारा मोठा स्पीकर, बसवून घेतला आणि त्या दिवसापासून त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. औषध कंपनीचा माणूस, त्यामुळे आज देवरूख तर उद्या गुहागर, सगळा दिवस गाडीत. निदान गाणं तरी छातीत घुमावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण अर्धी डिकी अडवून बसलेल्या त्या खोक्याचा आवाज ड्रायव्हरच्या सीटपर्यंत काही पोचेना. दारांतले स्पीकर किणकिणत आणि तो घुमणारा बास मात्र खाडीपलीकडे कुणाचं तरी लग्न असावं तसा कुठून तरी येई.

हातखंब्याच्या ज्या फिटरने तो बसवला होता, त्याच्याकडे केतन दोनदा भांडून आला. फिटर डिकीत डोकं घाली, खोक्यावर तळहात ठेवी आणि माल उत्तम वाजतोय म्हणे. दुसऱ्या खेपेला तर त्याने केतनला एकदा कान दाखवून घ्यायला सुचवलं. दिवसभर डॉक्टरांच्याच दारात बसणाऱ्या माणसाला हे फार लागलं.

त्या संध्याकाळी त्याने गाडी नेहमीसारखी शेजारच्या ठमाबाईंच्या घराच्या भिंतीला मागची बाजू करून लावली, काचा वर घेतल्या आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. तरी छातीत काही नाही. त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न मात्र झकास वाजला.

काचेपाशी ठमाबाई येऊन उभ्या राहिल्या. जन्म बंदरावर मासे विकण्यात गेलेला, त्यामुळे साधं बोलल्या तरी भांडल्यासारखं वाटे, आणि आज त्या खरोखरच भांडायला आल्या होत्या. हातात बांगड्याच्या कालवणाचं पातेलं होतं आणि कालवणावर कौलांखालच्या जळमटांचा थर.

"हे तूच खा आता," त्या म्हणाल्या.

केतनने पातेल्यात पाहिलं, मग त्यांच्या घराच्या कौलांकडे पाहिलं.

"काकी, तुम्हाला बास ऐकू येतो?"

"बास कर, हेच सांगायला आल्ये मी."

केतन तडक त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला. फळीवरच्या ताटल्या थरथरत होत्या. चिऱ्याच्या भिंतीवर त्याने हात ठेवला, तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. हवा होता तो बास इथे होता, सगळाच्या सगळा. हौसेने आणला कोणी आणि वाजतोय कोणाकडे, या विचाराने त्याचा राग दुप्पट झाला. बाहेर येऊन त्याने ठमाबाईंना सुनावलं की माझा सगळा बास तुम्ही घेताय. ठमाबाईंनी तो आत्ताच्या आत्ता घेऊन जायला सांगितलं. त्यांची खात्री पटावी म्हणून त्याने त्यांना पातेल्यासकट ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी घटकाभर ऐकलं.

"ह्यापेक्षा आमच्या घरातला डास बरा वाजतो," त्या म्हणाल्या.

केतनची बायको नम्रता समजूत घालायला बाहेर आली, तर दोघांनी मिळून तिलाच आत पाठवलं. मग ठमाबाई उतरल्या, पातेलं गाडीच्या टपावर ठेवलं, मागे जाऊन डिकी उघडली आणि खोक्याला गेलेल्या दोन्ही वायरी हिसडा देऊन उपटल्या. केतनने त्या त्यांच्या हातातून ओढून घेतल्या. लाल कुठली, काळी कुठली, हे बघण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. दिसेल तिथे त्या खुपसल्या, धाडकन डिकी लावली आणि ठमाबाईंना खिजवायला पुन्हा गाणं लावलं.

आरसा थरथरला. सीट थरथरली. केतनच्या पोटात काहीतरी खोल घुमलं आणि तो तोंड उघडं ठेवून बसून राहिला. फिटरने वायरी उलट्या जोडल्या होत्या, त्या आता चुकून सुलट बसल्या. दारांतले स्पीकर हवा पुढे ढकलत तेव्हा खोका ती मागे ओढी, आणि ड्रायव्हरच्या सीटपाशी दोघं एकमेकांना खाऊन टाकत. आता पाव आवाजातही छाती भरून येत होती. त्याने आवाज उतरवला, तशा ठमाबाईंच्या घरातल्या ताटल्या गप्प झाल्या. केतनने फिटरला फोन करून झापलं. माल उत्तम आहे हे आपण सांगितलंच होतं, असं फिटर म्हणाला.

काही दिवस शांततेत गेले. मग एका संध्याकाळी ठमाबाईंचे यजमान, गुणाजीकाका, तावातावाने केतनच्या अंगणात आले. आयुष्यभर मच्छीमार बोटीच्या इंजिनाशेजारी काम करून त्यांचे कान पार गेले होते. ते घराबाहेर पडणं सोडाच, कोणाशी बोलतही नसत.

"गाणी का बंद केलीस?" त्यांनी विचारलं.

केतन गोंधळला. खुणांनीच त्याने विचारलं, तुम्हाला कुठून ऐकू येतात?

"पाठीला," गुणाजीकाका म्हणाले. "भिंतीला पाठ लावून बसलं की समदं कळायचं. ठेका कुठला, कडवं कधी संपलं. मला वाटलं माझ्यासाठीच लावतोस."

केतनने ठमाबाईंकडे पाहिलं. त्या मागे उभ्या राहून भलतीकडेच बघत होत्या. पातेल्यांवर झाकणं ठेवून झाली आहेत, असं त्यांनी रागारागाने त्याला सांगितलं.

गुणाजीकाका पुन्हा घरात भिंतीला पाठ लावून बसले आणि केतनने आवाज शेवटपर्यंत नेला. आता गाडीत बसणं शक्यच नव्हतं, दात एकमेकांवर आपटत होते. तो बाहेर येऊन अंगणात उभा राहिला, कानांवर हात ठेवून. एवढ्यात ठमाबाई पुन्हा आपल्या दारात आल्या, पहिल्या दिवसाइतक्याच संतापलेल्या.

"केतन," त्या म्हणाल्या, "ह्यांना पाठीला नीट लागत नाय. गाडी अजून जरा मागे घे."