आवक क्रमांक एकोणचाळीस

झोप न येणाऱ्या माणसाला समाजात मानाचं स्थान आहे. नुसतं उदास वाटणाऱ्या माणसाला ते नाही, आणि ते योग्यच आहे. झोप न येणारा काहीतरी सोसत असतो. उदास माणूस नुसता बसलेला असतो, आणि नुसत्या बसण्याचं कौतुक सुरू केलं तर आमच्या कार्यालयात त्याला दिवस पुरणार नाही.

प्रस्तुत लेखक आवक-जावक कारकून आहे. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्याला क्रमांक देतो, तारीख घालतो, शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. कागदात काय लिहिलंय ते वाचणं माझ्या कामात बसत नाही. (एकदा वाचलं होतं. मेमो मिळाला.) एकोणीस वर्षं हे केल्यावर अंगात एक शिस्त मुरते. नोंद झाली की काळजी मिटली.

गेल्या वर्षी मी आठ महिने उदास होतो. याबद्दल कुठूनही तक्रार आली नाही. रोज दहा-अकरा तास झोपायचो, उरलेला वेळ खुर्चीत असायचो. आंघोळीला उठायचं म्हटलं तरी जिवावर यायचं. मुलगी चित्र दाखवायला आणायची, मी 'छान' म्हणायचो, आणि चित्र कशाचं होतं ते तिची पाठ वळायच्या आत विसरायचो. एकदा शिक्के मारता मारता रडू आलं आणि सोळा पत्रांवरची शाई फिसकटली. साहेबांनी शाई निकृष्ट असल्याचं पुरवठादाराला लेखी कळवलं. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात माझ्या नावापुढे 'शांत, समाधानी, जागेवर हजर' असा शेरा आहे.

बायको शाळांचे गणवेश शिवते. माणूस मापात कमी झाला तर तिला लवकर कळतं. तिनं मला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी आधी 'कसं वाटतंय?' विचारलं, मग पाऊण तास ऐकून घेतलं, मग गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "सुरुवातीचे काही आठवडे झोप उडेल, घाबरू नका. गोळी सकाळीच घ्या, दुपारनंतर चहा नको, आणि आपल्या मनानं बंद करू नका. काही वाटलं तर आधी मला फोन. रोजची झोप तेवढी एका वहीत लिहून ठेवा."

झोप ठरल्याप्रमाणे उडाली. घोळ वहीनं केला.

घरात कोरी वही नव्हती, म्हणून मी कार्यालयातली एक बाद झालेली आवक नोंदवही आणली. तिच्यात क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कार्यवाही आणि शेरा असे सहा रकाने छापलेले. झोपेसाठी एकही नाही. छापील रकान्यांना डावलण्याची माझी प्राज्ञा नाही. तेव्हा ज्या गोष्टीची आवक होत होती तिचीच नोंद मी सुरू केली, ती म्हणजे सल्ल्यांची. डॉक्टरबाईंना रीतसर आवक क्रमांक एक दिला.

गोळीचं मी बाहेर कुणाला बोललो नाही. झोपेचं मात्र बेधडक सांगितलं. डोळे का लाल, असं कुणी विचारलं की 'झोप येत नाही' एवढं म्हणायचं, बस्स. लोक खुर्ची ओढून बसत. साहेबांनी मला हात असलेली खुर्ची दिली. हेडक्लार्क जरा दुखावले. म्हणाले, "तुला चार तास येते ना? मला गेली अकरा वर्षं तीन. मी कुणाला सांगत बसलो का?" (अकरा वर्षं ते हेच सांगत आहेत.)

पहिल्या पंधरवड्यात छत्तीस सल्ले आले. वर्गवारी अशी: झोपताना गरम दूध नऊ, तळपायाला तेल सात, 'मोबाईल लांब ठेवा' सहा (पैकी पाच मोबाईलवर आले), 'पलंगाची दिशा बदला' चार, संकीर्ण दहा. संकीर्णमध्ये आत्याचा सल्ला उठून दिसतो: "अरे, डोळे मिटून गप पडायचं, म्हणजे झोप लागते." इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. छत्तीस जणांपैकी स्वतःला उत्तम झोप लागते असं सांगणारे दोनच निघाले. त्यातले एक आमचे साहेब, कार्यालयीन वेळेत.

आता कार्यवाही. आमच्याकडे एक नियम आहे. एकाच विषयावर दोन पत्रं आली तर नंतरचं खरं, आधीचं आपोआप रद्द. त्यानुसार सोमवारी दूध घेतलं, मंगळवारी 'रात्री दूध म्हणजे विषच' असं कळल्यावर ओतून दिलं, बुधवारी पुन्हा तापवलं. पलंग चार जणांच्या चार दिशांनी फिरत शेवटी कोपऱ्यात तिरका अडकला. तेव्हापासून कपाटाचं उजवं दार उघडत नाही आणि माझे निम्मे शर्ट आतच आहेत. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रिलमास्तर म्हणाले, 'शरीर थकवा.' आदल्या सल्ल्याचं तेल तळपायाला तसंच होतं, त्यामुळे जागच्या जागी कवायत करायला गेलो तो थेट मोरीपर्यंत पोचलो. या धबडग्यात क्रमांक एक पार तळाशी गेला. चुकून कुणीच त्याविरुद्ध काही न सांगितल्यामुळे गोळी तेवढी रोज सकाळी चालू राहिली.

मग मेहुणा आला. तो घरोघरी पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलतो. बिघाडाचं मूळ शोधायचं, ही त्याची सवय. फ्रिजवर त्याला गोळ्यांचं पाकीट दिसलं. आतला कागद त्यानं उलगडला आणि बोट ठेवलं. "दाजी, हे बघा. इथंच लिहिलंय, झोप उडते. मग गोळीच बंद करा की. मूळच गेलं." गोळी कशासाठी आहे हे त्याच कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात होतं. पण तो मुळाशी आधीच पोचला होता. आवक क्रमांक अडतीस. नंतरचं खरं. कार्यवाही त्याच दिवशी पूर्ण.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बायको पाकीट हातात घेऊन समोर उभी राहिली. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून म्हणाली, "अहो, दोन गोळ्या जास्त आहेत."

"वहीत आहे सगळं," मी म्हणालो.

तिनं उभ्या उभ्या वही वाचली. हसली नाही. म्हणाली, "या अडतीस जणांतल्या कुणी विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय?"

"त्याला रकाना नाही."

तिनं बेतायचा खडू आणि पट्टी घेतली आणि शेरा या रकान्याच्या उजवीकडे एक रेघ मारली. "आता आहे. भरा."

मी खालून वर भरत गेलो. अडतीस, नाही. सदतीस, नाही. आत्या, नाही. साहेब, नाही. नाही लिहून लिहून हात दुखला. अगदी वर पोचल्यावर एकदाच 'हो' लिहिलं.

"आणि मी रोज विचारते, ते कुठंय?"

"तुझा सल्ला नव्हता. नुसता प्रश्न होता."

ती खुर्ची ओढून बसली. "बरं. मग आज उत्तर द्या."

उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते कुठल्या रकान्यात मावत नव्हतं इतकंच. मी म्हणालो, भीती वाटतेय. जागं राहायची नाही, त्या आठ महिन्यांची. झोप जन्मभर नाही आली तरी चालेल, पण पुन्हा तिथं जायचं नाहीये. बोलताना रडलो. सुदैवानं समोर शाई नव्हती. तिनं तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. बाई रागावल्या नाहीत. कसं वाटतंय, हेच आधी विचारलं, मग आजची गोळी घ्यायला आणि संध्याकाळी भेटायला सांगितलं.

पाचव्या आठवड्यात झोप आली. कसलाही गाजावाजा न करता, चुकलेली टपाल पिशवी परत यावी तशी. त्याबरोबर श्रेयाचे सदतीस दावे आले. दूधवाले नऊ, तेलवाले सात, ड्रिलमास्तर स्वतंत्र. मेहुण्याचं म्हणणं, मधे दोन दिवस बंद केली त्याचाच हा गुण. दावा फक्त डॉक्टरबाईंनी केला नाही. परवा मुलीनं चित्र दाखवलं. ते मला अजून आठवतंय. एक तिरका पलंग, त्यावर तोंड उघडं टाकून घोरणारे बाबा, आणि अर्धं उघडलेलं कपाट.

नोंदवही चालू आहे. एकोणचाळिसावी ओळ मोकळी ठेवली आहे, ती आपल्यासाठी. संकोच नको, दूध-तेलापर्यंत पोचता पोचता आपल्याही जिभेवर एक खात्रीचा उपाय आलाच होता. तो कार्यालयीन वेळेत, दोन प्रतींत आणून द्यावा. क्रमांक आणि पोच लगेच मिळेल. खडूच्या रेघेपलीकडे मात्र मी आपल्यापुढे आधीच 'नाही' लिहून ठेवलं आहे. हरकत घ्यायची मुदत होती, ती आपण हे वाचेपर्यंतच होती.