रोज एक पान, एक पिंप

पंच्याण्णव सालच्या एक फेब्रुवारीला, शाळेतून आल्या आल्या, नववीतल्या रसिकानं घरात जाहीर करून टाकलं की आजपासून महिनाभर ती रोज एक पान लिहिणार. निबंध नाही, शुद्धलेखन नाही, स्वतःच्या मनाची गोष्ट! महिनासुद्धा तिनं डोकं लढवून निवडला होता. अठ्ठावीस दिवसांत आटपणारा दुसरा महिना आहे का कुठला?

"आणि महिना पुरा झाला की गॅलरीतला कोपरा माझा! टेबल टाकून तिथेच लिहीन मी."

"तिथे मी दुसरं पिंप ठेवणारेय," आई म्हणाली. खारी गावाला लागून असलेल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पाणी एक दिवसाआड यायचं, तेही अर्धा तास. त्यामुळे घरोघरी पाहुण्यांपेक्षा पिंपांना जास्त मान! "पण ठीकेय. रोज जेवणाआधी पान दाखव, मी सही करीन. एक दिवस जरी चुकलीस, तर पिंप आलंच म्हणून समज!"

एवढ्यावर थांबली तर ती रसिका कसली? खाली सोसायटीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळेखाली, तिनं खडूनं ठळक लिहिलं : 'रसिका, ३०४, रोज एक पान लिहिणार आहे.' चारचौघांना कळलं की आपल्याला आळस करता येणार नाही, असा तिचा बेत.

चारचौघांना कळलं, पण भलतंच!

दुसऱ्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन हजर. "रसिका बेटा, तू तो रोज लिखती है ने? तो मेरा रेशन कार्ड का अरजी लिख दे ने. एक ही पन्ना है!"

मग दुसऱ्या मजल्यावरच्या कांताकाकू. त्यांना जालन्याच्या नणंदेला पत्र हवं होतं. "मे महिन्यात येऊ नका, असं लिही. पण येऊ नका असं लिहू नको!"

आता तुम्हीच सांगा, गाणं शिकणाऱ्या मुलीला कोणी म्हणतं का, की गातेच आहेस तर भंगारवाल्याला हाक मार? पण लिहिणाऱ्या मुलीची कोणाला कदर! अर्ज संपवून गोष्टीला बसेपर्यंत रसिकाची बोटं भेंडीसारखी वाकडी व्हायची. तरी बिचारीनं सात पानं पूर्ण केली.

आठव्या संध्याकाळी बेल वाजली. कांताकाकूंचे यजमान तात्याराव, सोसायटीचे सेक्रेटरी!

"पोरी, पाणी खात्याला अर्ज लिही. टँकर द्या म्हणावं. सकाळी नेऊन देतो."

"काका, उद्या भूमितीची परीक्षा आहे! आणि माझं आजचं पान—"

"हेच की पान! का फळ्यावर नुसत्या थापा मारल्यास?"

थापा? रसिकाचे कान तापले. तिनं आशेनं आईकडे पाहिलं.

"अर्जावर मी सही देणार नाही हं," आई म्हणाली. "मनाचं हवं. तूच म्हणालीस."

"मनाचं हवं ना? घ्या मनाचं!"

आणि रसिकानं दात-ओठ खात अर्ज लिहिला. त्यात तात्याराव पूर्वी पैलवान होते. रोज दूरच्या विहिरीवरून बारा बादल्या वाहून आता त्यांचा काडीपैलवान झाला होता. परवा ते जिन्यात कोसळले. डॉक्टरांनी आशा सोडली. शुद्धीवर आल्यावर त्यांचे सुकलेले ओठ हलले आणि ते एवढंच पुटपुटले, 'टँकर...'

आईनं वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि वहीत सही केली. तात्यारावांनी वाचलंच नाही. "काय मोत्यासारखं अक्षर!" म्हणत खाली सही ठोकली, आणि आपल्या अंतकाळाची बातमी सकाळी स्वतःच्या पायांनी नेऊन पोचवली!

पाच दिवसांनी रसिका शाळेतून येतेय, तर गेटपाशी फाईल घेतलेले एक साहेब हंसाबेनना विचारतायत, "तात्यारावांची तब्येत कशी आहे? आहेत ना अजून?"

रसिका तीन-तीन पायऱ्या गाळत वर धावली.

"काका, झोपा!"

"आत्ताच उठलोय!" तात्याराव भज्यांची ताटली घेऊन बसले होते.

"पाणी खात्याचे साहेब आलेत! तुम्ही मरायला टेकलायत!"

"कोण म्हणतं?"

"अर्ज! खाली तुमचीच सही आहे!"

कांताकाकूंना नवऱ्याआधी कळलं. त्यांनी तात्यारावांना खाटेवर ढकललं, हनुवटीपर्यंत गोधडी ओढली आणि पिंपातल्या शेवटच्या तांब्यात टॉवेल भिजवून कपाळावर थापला.

साहेब आले. तात्याराव रसिकाकडे असे बघत होते की नजरेनंच तिचं भजं तळलं असतं! रागानं त्यांचे ओठ थरथरत होते.

"किती अशक्तपणा!" साहेब कळवळले. "काही हवंय का तुम्हाला?"

"टँकर!" तात्याराव गुरगुरले.

साहेबांनी रुमाल काढला. "उद्यापासून रोज संध्याकाळी येईल. बावीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज वाचला नाही हो! लिहिला कोणी?"

रसिकानं वेणी मागे टाकली आणि ऐटीत एक पाऊल पुढे घेतलं.

"मी!" गोधडीतून आवाज आला. चांगला खणखणीत!

चोर! चक्क चोर! संतापाच्या भरात रसिकानं त्या दिवशी एकदम दोन पानं लिहिली. फेब्रुवारी संपला तेव्हा अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस आईच्या सहीचे! एक मार्चला ती नाचतच गॅलरीत गेली.

कोपऱ्यात निळंशार, नवंकोरं पिंप!

"आई! ही चीटिंग आहे! माझा एक दिवस तरी चुकला का?"

"नाही गं बाई. पण टँकर रोज येतोय. एवढं पाणी काय ओंजळीत भरू? असा अर्ज लिहायला कोणी सांगितलं होतं?"

"मी नाही लिहिला! तात्याकाकांनी लिहिलाय! विचार सगळ्यांना!"

रसिकाचा निषेध अजून चालू आहे. ती त्याच कोपऱ्यात, त्याच पिंपाच्या झाकणावर वही ठेवून लिहिते, आणि आईला पाणी हवं असलं की पाय आपटत वही उचलते. झाकणाची उंची लिहायला टेबलापेक्षा सोयीची आहे, हे मात्र तिनं अजून कोणाला सांगितलेलं नाही.