गोदाकाकीसाठी गळाची काठी

गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा वर्ज्य, आणि आमचे रामजीकाका अमरावतीच्या कॅम्पातल्या दुकानात मासे धरायची काठी मागत होते! ते दुकान गोऱ्या साहेबांचं सामान ठेवणारं. शेठजींनी काकांकडे पाहिलं, मग माळेकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं.

काठी काकीसाठी होती. गोदाकाकीचं माहेर पूर्णेकाठचं. लहानपणी ती भावांपेक्षा जास्त मासे धरायची, आणि लग्न होऊन पडली माळकऱ्याच्या घरात. पुढे तापात तिचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून ती राजापेठेतल्या मळ्याबाहेर निघालीच नव्हती. तिला पुन्हा पाण्यावर न्यायचंच, असं काकांनी मनावर घेतलं होतं.

शेठजींनी बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली विलायती काठी काढली. काका जातीचे माळी. मांडवाचा बांबू पारखावा तशा त्यांनी तिला टिचक्या मारल्या आणि खवळले.

"हे तं फुटकं हाये शेठ! सांधलेलं कायले देता? अखंड दाखवा!"

सगळ्याच काठ्या अशाच असतात हे पटवताना शेठजींना घाम फुटला. मग काका एकेक काठी डाव्या हातानं झुलवून पाहू लागले. एकदा शेठजींची टोपी उडाली.

"मले साहेबाची शान नाई पाह्यजे. नाल्याचं पानी हाये. बाईचं मनगट दुखलं नाई पाह्यजे, बस!"

शेवटी सगळ्यांत हलकी काठी आणि दोर गुंडाळायची सगळ्यांत लहान चरखी पसंत पडली.

मळ्यात सराव सुरू झाला. काकीनं दोर फेकला की झेंडूची डोकी उडायची. शेजारी हसायचे. काका म्हणायचे, "उडू दे! झेंडू पुन्हा येते."

मेळघाटातल्या नाल्यावर बैलांची दमणी मीच हाकत नेली. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर पडली, आणि थोड्या वेळानं काठी वाकली.

"अवो, फिरवा ना! पाहून काय राह्यले?" काकी ओरडली.

काठी तिच्या हातात, चरखी माळकऱ्याच्या! वीतभर मासा वर आला. काकी पोटभर हसली, आणि काकांनी तो अलगद पाण्यात सोडला.

राजापेठेत गल्लीच्या तोंडाशी दमणी थांबताच शेजाऱ्यांनी विचारलं, "काकाजी, घावलं का काई?"

"हिनं धरला! हातभर होता!"

"आन तुमी काय केलं?"

"म्या? म्या चरखी फिरवली."

नवऱ्यानं चारचौघांत बायकोला हात लावू नये असा तो काळ. काकांनी तिला उतरवायला तिचा लुळा हात धरला, आणि सगळ्या गल्लीदेखत, घर येईपर्यंत, तो सोडला नाही.