बर्फाचा धर्म आणि तुमचा नंबर

कल्पना करा बाळांनो, की तुम्ही मोठे झाला आहात आणि छत्र्या विकता. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात नमुन्याची छत्री. रांगेत उभं राहून पायांना मुंग्या आल्या आहेत. दारावर पाटी आहे : ‘धर्मनिश्चिती कार्यालय’. घाबरू नका. तुम्ही कुणापुढे हात जोडता, हे इथे कुणी विचारत नाही. जी वस्तू विकायची, तिचा धर्म काय, फक्त याचा दाखला मिळतो. कात्रीचा धर्म कापणे, छत्रीचा धर्म भिजू न देणे. दाखला नसेल, तर दुकानाला टाळं.

तुमच्या पुढे दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिची मावशी बर्फ विकते. मावशीला दुकान सोडता येईना, म्हणून गोणपाटात बर्फाचा मोठा तुकडा गुंडाळून भाचीच आली आहे. आज शेवटची तारीख, पाच वाजता खिडक्या बंद.

पहिल्या खिडकीत जाड चष्म्याचे कारकून होते.

“वस्तूला जो धरून ठेवतो, तो तिचा धर्म. आगीचा जाळणं, पाण्याचा वाहणं. बोल, बर्फाचा काय?”

“गार राहणं.”

“हा तर वाहतोय!”

“दोन तास रांगेत आहे, काका. तुम्ही असतात, तर तुम्हीही वितळला असतात.”

चष्मेवाल्यांनी अर्जावर लिहिलं, ‘नमुन्याने स्वधर्म सोडला आहे’, आणि तिला शेजारच्या खिडकीत धाडलं. तिथे बुद्धांच्या विचारानुसार तपासणी होत असे. तुमच्या छत्रीला पहिला शिक्का झटकन मिळाला, पण तिथलाही लागत होताच. तुम्ही तिच्या मागोमाग सरकलात.

इथले कारकून टकले आणि हसतमुख. “सगळं क्षणाक्षणाला बदलतं, हे ओळखणं म्हणजे धम्म. बर्फ वितळला, त्यात नवल ते काय?”

भाचीचा जीव भांड्यात पडला. “मग मारा ना शिक्का!”

“मारतो की. फक्त, सगळं बदलतं याचा दाखला कायमस्वरूपी असतो. तेव्हा नमुना न बदलता फायलीत राहिला पाहिजे.”

“बर्फ? फायलीत?”

“दोन प्रतींत.”

एव्हाना बर्फ लिंबाएवढा उरला होता. बाकीचा जमिनीवर पसरत, कुठलाही दाखला न घेता, थेट रांगेच्या शेवटी पोहोचला. तिथे काठी टेकत उभे असलेले आजोबा घसरले आणि भिंतीला धरून कसेबसे सावरले.

“अरे, पुसा रे कुणीतरी! हाडं मोडतील माझी!”

कार्यालयात लगेच चर्चा सुरू झाली.

“माझा धर्म घंटा वाजवणं,” शिपाई म्हणाला. “दुसऱ्याच्या धर्मात मी नाक खुपसत नाही.”

“पुसणं हा फडक्याचा धर्म,” चष्मेवाले म्हणाले. “फडक्यानं रीतसर अर्ज करावा.”

“फडक्याची आसक्ती मी कधीच सोडली,” टकले म्हणाले.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. आजोबांकडे बघून त्यांचे डोळे पाणावले. “मला करुणा वाटते आहे. वेळ लिहून घ्या.”

शिपायानं लिहिली : चार वाजून बावन्न मिनिटं.

साहेबांची करुणा पाहून टकल्यांनाही पाझर फुटला. “ये गं पोरी. लिंबाएवढा का होईना, बर्फच आहे. दोन्ही शिक्के देववतो. पण जागा सोडू नकोस हं. सोडलीस, तर पुन्हा सगळ्यांच्या मागे.”

भाचीनं शिक्क्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. त्यांचा एक पाय पुन्हा पुढे सरकायला लागला होता.

“आजोबा, हलू नका हं!” ती ओरडली, आणि गोणपाट पिळून, गुडघे टेकून जमीन पुसायला लागली.

आणि तुम्ही? उगाच इकडेतिकडे बघू नका. तुम्ही तिच्या रिकाम्या जागेवर पुढे सरकलात. नंबर म्हणजे नंबर. टकल्यांनी तुमची छत्री उघडून पाहिली, मान डोलावली आणि शिक्का मारला : ‘धर्म : भिजू न देणे’.

तोवर भाची आजोबांना बाकावर बसवून, पुसत पुसत तुमच्यापाशी आली होती. गोणपाट पिळत, मान वर न करता ती म्हणाली, “जरा पाय उचला,” आणि तुमच्या चपलांखालचं पाणीही तिनं पुसून घेतलं.