पॅटिओवरचा सडा

तीन रात्री प्रतिभाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि कारण कुणाला सांगायची सोय नव्हती. वेदिकाच्या शाळेची काळजी नव्हती, दातांची नव्हती, वजनाची नव्हती. (म्हणजे त्याही होत्या, पण त्या दिवसपाळीच्या.) काळजी अशी, की आपली साडेचार वर्षांची मुलगी मोठी झाल्यावर तिला लहानपणाचा म्हणून कसला वास आठवेल?

प्रतिभाला स्वतःचा पक्का आठवत होता. कळवणला तिची आई उजाडता उजाडता अंगणात सडा टाकायची. शेणाचं पाणी, ओली माती, बंबाचा धूर. गोधडीत डोळे मिटूनच कळायचं, की आई उठली आहे आणि जगात सगळं ठीक आहे. (एम.कॉम. झालेली बाई शेणाच्या वासाने हळवी होते, हे ती चारचौघांत बोलत नसे.)

आणि इथे नाशिक रोडला, रो-हाऊसच्या मागच्या परसात होती नव्हती ती माती तिनेच बुजवली होती.

त्याला कारण वेदिका. ती माती खायची. चाखायची नाही, जेवायची. जंताचं औषध दोनदा झाल्यावर प्रतिभाने ठराव मांडला, की परसात सिमेंटच्या फरशा टाकाव्यात. दीपकने, म्हणजे नवऱ्याने, ताबडतोब अनुमोदन दिलं. त्याला तिथे खुर्ची टाकून चहा प्यायचा होता आणि तो त्या जागेला आधीपासूनच 'पॅटिओ' म्हणायला लागला होता. प्रश्न होता सासूबाईंचा. सिंधुबाई मळेवाल्यांच्या घरातल्या. त्या चार हात मातीत त्यांनी कोथिंबिरीपासून शेवंतीपर्यंत सगळं पिकवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीच्या पोटापुढं माझी शेवंती काय मोठी नाही. टाका फरशा. पण मला तिथं बसावंसं वाटलं पाहिजे, एवढं बघ." आणि पंधरा दिवसांसाठी बहिणीकडे वणीला निघून गेल्या.

ते "एवढं बघ" प्रतिभाने फारच मनावर घेतलं.

सहादू मिस्त्रींनी दोन दिवसांत फरशा बसवल्या. राखाडी, एकसारख्या, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या ओळीत. मिस्त्रींची पाठ वळताच प्रतिभाने वाकून वास घेतला. कसलाच नव्हता. झोप गेली ती तेव्हापासून.

चौथ्या दिवशी तिला उपाय सुचला. शेण नसेना का, सडा तर टाकता येतो! शिवाय दीपक म्हणालाच होता, "सिमेंट आहे, पाणी मारलं पाहिजे." मग सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या, आणि मागून आपला छोटा मग घेऊन वेदिका. (ओल्या सिमेंटला जरासा मातीचा वास येतोय, असंही प्रतिभाला एकदा वाटलं. श्रद्धा असली की येतो.)

दोन-तीन दिवसांतच फरशांवर पांढरे डाग उमटले. आधी कडेला, मग मध्ये, मग जिकडेतिकडे. कुणीतरी पिठाची चाळणी हलवत फिरल्यासारखे. धुतले की जायचे, वाळले की दुप्पट यायचे.

"लोणा आहे हा," दीपक खुर्चीतून म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. नाव सांगितलं."

शेजारच्या उज्वलाताईंनी लिंबू-मीठ सांगितलं. परसाला दोन दिवस लोणच्याच्या बरणीचा वास आला. मग चिंच झाली, मग भांड्यांची पावडर. प्रत्येक प्रयोगानंतर प्रतिभा न चुकता चार बादल्या स्वच्छ पाणी ओतायची.

त्यात रोज संध्याकाळी सिंधुबाईंचा व्हिडिओ कॉल.

"वेदू, परस कसं झालं गं?"

"आजी, आई त्याला लिंबू लावते."

"कुणाला?"

"फरशीला. फरशी पांढरी झालीय."

"आई, आवाज तुटतोय हं तुमचा!" प्रतिभाने मोबाईल हिसकावून छताकडे धरला.

"मला तर चांगलं ऐकू येतंय," सिंधुबाई म्हणाल्या. "पंखा दिसतोय तुमचा. पुसायला झालाय."

सिंधुबाई यायला दोन दिवस उरले, तेव्हा प्रतिभाने संडास धुवायच्या औषधाची बाटली काढली. वेदिकाला स्वयंपाकघरात कोंडलं (ती जाळीला नाक लावून बघत बसली) आणि नळापासून सुरुवात केली. चार फरशांवर फसफस फेस आला. प्रतिभाला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचं परस पांढरंफेक होतं, आणि त्या चार फरशांची वरची साय उडून आतली पिवळट खडी दात काढून हसत होती.

तिने सहादू मिस्त्रींना बोलावलं. ते आले, उकिडवे बसले, बोट फिरवलं.

"ताई, पाणी कोन मारतंय?"

"मी. रोज दोनदा," प्रतिभा अभिमानाने म्हणाली.

"कशापायी?"

"पक्क्या व्हायला नकोत?"

"आवो, त्या कारखान्यातनंच पक्क्या होऊन आल्यात. पाणी मुरलं की आतला खार वर येतो. जितकं पाणी, तितका खार. आता काय म्हंजे कायच करू नका. कोरड्या ब्रशनं झाडा, जाईल चार-सहा महिन्यांत." मग त्यांची नजर नळाकडे गेली. "ह्यांना काय पाजलं?"

प्रतिभाने सांगितलं.

"ह्या गेल्या," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

म्हणजे डाग आणले ते सड्याने! आईची आठवण म्हणून टाकलेल्या सड्याने! आणि नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. सिंधुबाई एक दिवस आधीच आल्या होत्या. पिशवी हातात तशीच ठेवून त्या सरळ परसाच्या दारात.

त्यांनी पाहिलं. प्रतिभाने एका दमात सगळं ओकून टाकलं: लिंबू, चिंच, बाटली, कळवण, शेणाचा वास, न झालेली झोप. "तुमची शेवंतीही गेली आई, आणि बसायची जागाही गेली."

सिंधुबाई बरोबर मधल्या, सगळ्यात पांढऱ्या फरशीवर पदर सावरून बसल्या.

"मखमलाबादला नवी नवरी होते मी," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी अंगण सारवायला दिलं. मला कुठं येत होतं? शेण कमी, पाणी जास्त. मामंजी घसरले ते थेट हौदापाशी."

"अगं बाई! मग?"

"मग काय. उठले, धोतर झटकलं आणि सासूबाईंना म्हणाले, सून चांगली आहे, अंगण कसं गुळगुळीत केलंय. शेणाचा वास आला की अजून मला ते धोतर दिसतं." त्यांनी नळाकडे बोट केलं. "मिस्त्री, त्या चार काढा. तिथं माझी शेवंती बसेल."

सहादू मिस्त्रींनी पहारीने चारही फरशा उचलल्या, खालची कच आणि भिजलेला थर फावड्याने खरवडून बाजूला लोटला. आणि इतक्या दिवसांच्या बादल्या प्यायलेली काळी माती उघडी पडली.

वास आला. तोच, कळवणचा. सिंधुबाईंनी डोळे मिटले. मिस्त्रीसुद्धा क्षणभर थांबले. प्रतिभाचे डोळे भरून आले. म्हणजे सडा अगदीच वाया गेला नव्हता! तिने वेदिकाला जवळ ओढलं.

"वेदू, वास घे बाळा. मोठ्ठा. कसं वाटतं, सांग मला."

वेदिका वाकली. डोळे मिटून, छाती भरून तिने वास घेतला. मग आईकडे बघून अगदी मनापासून म्हणाली,

"चमचा आणू?"