तापीच्या पुलावर थांबणारी गाडी

बुऱ्हाणपुरात रेल्वे मी चालवली. खोटं नाही सांगत. रूळ मी टाकले, पूल मी बांधला, सिग्नल मी लावले, शिट्टीसुद्धा माझीच, तोंडाने वाजवून मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेली. फक्त गाडी वीतभरही उंच नव्हती, आणि धावत होती जयमाला टॉकीजच्या स्टेजवर. एवढं सोडलं तर पूर्ण रेल्वे!

लालबागला माझी मोबाइल रिपेअरिंगची टपरी आहे. कोणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून शिकलो. माझं म्हणणं असं, की व्हिडिओत नाही अशी गोष्ट दुनियेत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे हेच वाक्य माझ्या डोक्यावर नारळासारखं फुटणार आहे.

जयमाला टॉकीज शालिग्राम शेठच्या आजोबांची. ती बंद पडली तेव्हा आत केळी पिकवायची वखार झाली. मग शेठच्या मनात आलं, टॉकीज होती तशी परत उभी करायची. छतावरची फुलं रंगवली, बाल्कनीचा पितळी कठडा घासला, नवा मखमली पडदा आणला. सगळं जुन्यासारखं झालं, केळ्यांचा वास तेवढा हलला नाही. आत पाऊल टाकलं की वाटायचं, आता पडद्यावर शिकरण दाखवणार. पिक्चरचं लायसन कुठेतरी अडकलं होतं आणि दिवाळी तोंडावर आली होती. सुट्टीत लोकांना काय दाखवायचं म्हणून शेठ डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, शेठ, रेल्वे दाखवतो.

म्हटलं शेठला, पण करायचं होतं बाबांसाठी.

माझे बाबा, भिकन नाव, छोट्या लाईनवर, म्हणजे मीटरगेजवर, फाटकवाले होते. आख्खी नोकरी हिरवी झेंडी धरून उभे राहिले. मायचं माहेर देडतलाईकडचं. बसने गेलं तर जेवणाआधी पोचता यायचं, पण बाबांना रेल्वेचा पास होता, म्हणून आम्ही खंडव्याला वळसा मारून छोट्या गाडीनेच जायचो आणि जेवणवेळ टळून गेल्यावर पोचायचो. तापीचा पूल आला की माय खिडकीला चिकटायची आणि हात मागे करून म्हणायची, अहो, द्या ना. बाबा खिशातून नाणं काढून द्यायचे, पण बडबड करूनच. डब्यात पाटी होती, चालत्या गाडीतून हात बाहेर काढू नये. बाबा ती पाटी तिला दरवेळी वाचून दाखवायचे. माय म्हणायची, "तुम्ही पाटी पाहा, मी नदी पाहते." नाणं नदीत जायचं, माय हात जोडायची आणि बाबा दुसरीकडे बघायचे.

मग छोटी लाईन बंद झाली. मोठी होणार, देशभर एकच रूळ होणार. चांगलंच आहे. शेवटच्या गाडीला आम्ही तिघे मुद्दाम बसलो. पूल आला, मायने हात मागे केला आणि बाबांच्या खिशात नेमकं सुट्टं नव्हतं. बाबा चाचपत राहिले, पूल निघून गेला. माय म्हणाली, राहू द्या, येताना टाकू. पण शेवटची गाडी म्हणजे शेवटची. येताना बसनेच आलो.

त्या पौषात माय गेली. राख तापीतच सोडली, मी आणि मामांनी. बाबा घाटाच्या वरच्या पायरीवर बसून राहिले, खाली उतरले नाहीत. त्यानंतर ते ओट्यावर बसले ते बसलेच. आधी रोज संध्याकाळी लालबाग स्टेशनवर गाड्या बघायला जायचे, तेही बंद. बोलणं म्हणाल तर एकच शब्द उरला होता. पाहू. बाबा, चहा ठेवू? पाहू. बाबा, दाढी करून घ्या. पाहू.

म्हणून रेल्वे! मला वाटलं, छोटी लाईन समोर धावताना दिसली तर माणूस उठेल.

रूळ आणि इंजिन ऑनलाइन मागवलं. डबे मिठाईच्या खोक्यांचे. माझा दोस्त लोटू पावरलूम दुरुस्त करतो, त्याने भंगारातल्या लूमच्या फण्या दिल्या. फणी लांबीवर उभी केली की अस्सल पुलाचे कठडे! खाली सुताच्या रिकाम्या बॉबिनचे खांब. तापी म्हणजे पत्र्याचा ट्रे, त्यात खरं पाणी. फाटकावर मातीचे बाबा, हातात हिरवी झेंडी. आणि दुसऱ्या डब्याच्या खिडकीत मायच्या लाल लुगड्याच्या चिंधीची एक बाहुली बसवली. ते कोणाला सांगितलं नाही.

बाबांना म्हटलं, वसुबारसेला उद्घाटन आहे, चला. म्हणाले, पाहू.

आले नाहीत. बाकी आख्खं बुऱ्हाणपूर आलं.

पहिल्या फेरीला गाडी बोगद्यातून अशी निघाली की मलाच नमस्कार करावासा वाटला. पुढच्या रांगेत शेजारच्या धुरपदाकाकू होत्या. गाडी पुलावर आली तशा काकू उठल्या, पदर डोक्यावर घेतला, कनवटीचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि तापीत टाकलं. आता आपल्याकडे पुलावर गाडी आली की नाणं पडतंच. पण खऱ्या पुलाला आणि खऱ्या नदीला मधे जागा असते. माझी तापी पोळपाटाएवढी रुंद. नाणं फणीवर आपटलं, उडालं आणि बरोबर दोन रुळांच्या मधे आडवं झालं.

त्या रुळांमधूनच करंट जातो. नाणं दोन्ही रुळांना टेकलं की सर्किट शॉर्ट, आणि गाडी जागेवर थांबते. थांबली. पुलाच्या बरोबर मधोमध.

मी घाम पुसत वर चढलो, नाणं उचललं, गाडी चालू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, तापीमाईले नमस्कार करून मंग निघाली."

झालं! पुढच्या फेरीला नाण्यांचा पाऊस. गाडी थांबली. त्याच्या पुढच्याला परत थांबली. एका मास्तरांनी शंका काढली की गाडी तशीच बिघडलेली असेल, म्हणून त्यांनी मुद्दाम स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर नाणं टाकलं. गाडी थांबली नाही. मग पुलावर टाकलं. थांबली! मास्तरांनी चपला काढल्या.

मी माइक घेऊन समजावलं, की भाऊ, हे शॉर्ट सर्किट आहे. काकू म्हणाल्या, "काय का असेना, थांबते ना?" मी माइक ठेवून दिला.

वर बाल्कनीत टॉकीजचे जुने शौकीन बसले होते. एकेकाळी हिरोची एंट्री झाली की तिथून पडद्यावर चिल्लर उधळणारे. इतक्या वर्षांनी टॉकीज उघडलेली, हात कुठून आवरणार? इंजिन बोगद्यातून तोंड काढायचं, वरून शिट्टी आणि मूठभर चिल्लर. एक नाणं मातीच्या बाबांना लागलं, झेंडीसकट हात गेला. मी तो फेविक्विकने चिकटवला. घाईत उलटा चिकटला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फाटकवाला गाडीला बाय बाय करून राहिला होता.

शेठ तर खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑटोवर भोंगा बांधून गावभर फिरवला, तापीमाईला नमस्कार करणारी रेल, देखना न भूलें. मी म्हटलं, शेठ, गाडी खराब होऊन राहिली. ते म्हणाले, "नंदू बेटा, खराब आहे म्हणून तर चालून राहिली."

धनतेरसला फुलं आली, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू. इंजिनाला गंध लावलं, डब्यांना झेंडूच्या माळा घातल्या, गाडी वरातीतल्या घोड्यासारखी लाजत लाजत चालायला लागली. पाडव्याला एका भाविकाने नारळ फोडला. कशावर? त्याला स्टेजवर एकच टणक वस्तू दिसली, ती म्हणजे रुळांना करंट देणारा माझा पावर पॅक. नारळ फुटला, पावर पॅकही फुटला. पाणी आत गेलं, निळा धूर निघाला, आणि मागून आवाज आला, माई प्रसन्न झाली!

मी तिथेच खाली बसलो.

लोटूने लूमच्या पॅनेलचा एक जुना ट्रान्सफॉर्मर आणला. भाऊबीजेचा आख्खा दिवस आम्ही गाडी सोलून परत शिवली. ह्या वेळी मी पक्कं काम केलं. पुलावरून, नदीवरून, बोगद्यापर्यंत बारीक जाळी ताणली आणि लूमच्या तारेने जागोजागी आवळून बांधली. मुंगीसुद्धा तापीत पडली नसती. वर पाटी लावली, लाल अक्षरात, माझ्या हाताने. *नदीत पैसे टाकू नये. हुकुमावरून.* खाली तेच हिंदीत. कोणाचा हुकूम ते मलाही माहीत नव्हतं, पण त्या शब्दाने वजन येतं. रेल्वेच्या पाट्या बघत लहानाचा मोठा झालोय मी.

गर्दी अर्ध्यावर आली. गाडी मात्र अशी धावायला लागली, जसं गरम तव्यावर लोणी. एकदाही थांबली नाही. मी छाती काढून फिरत होतो.

आणि खेळाच्या शेवटच्या दिवशी बाबा आले.

मी त्यांना आधी ओळखलंच नाही. दाढी केलेली. मायने घेतलेला निळा शर्ट, जो ते घालत नव्हते, तो घातलेला. धुरपदाकाकूंचा हात धरून दारात उभे. मी धावत गेलो. काकू म्हणाल्या, मी फक्त एवढंच सांगितलं की नंदूची गाडी तापीच्या पुलावर थांबते, लोक वरून नाणं टाकतात. ऐकलं आणि उठलेच, म्हणाले चला.

मी गाडी दाखवायच्या घाईत होतो. बाबांना अगदी पुलाजवळ उभं केलं. शिट्टी वाजवली. गाडी निघाली. फाटकाजवळून गेली तसे बाबा नकळत ताठ उभे राहिले. मग वाकून दुसऱ्या डब्यात बघितलं.

"ही कोण?"

मी लाल चिंधीकडे बोट केलं.

"उलटी बसवली तिले," बाबा म्हणाले. "इंजिनाकडे पाठ केली की मळमळायचं तिले."

कित्येक महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं! मी गाडी थांबवून बाहुली फिरवली. परत सोडली. गाडी वळण घेऊन पुलाकडे यायला लागली, आणि बाबांचा हात शर्टाच्या खिशात गेला. एक नाणं निघालं. घासून पुसून चकचकीत केलेलं.

गाडी पुलावर आली. बाबांनी हात उचलला आणि त्यांना पाटी दिसली.

त्यांनी ती वाचली. चष्मा सारखा करून परत वाचली. मग जाळी बघितली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडी पूल पार करून गेली. अजिबात न थांबता.

"बाबा, टाका," मी म्हटलं. "थांबा, मी जाळी काढतो. आत्ता काढतो."

"हुकुमावरून लिहिलं ना?"

"तो माझाच हुकूम आहे, बाबा. मीच लिहिलंय."

"मंग तर झालंच," ते म्हणाले. पाटीकडे बघतच होते. "तुझ्या मायनं वाचलीच नसती."

नाणं परत खिशात गेलं.

मी तारा सोडायला लागलो. लूमची तार, लोटूने आवळलेली. पक्कड घसरून राहिली, बोटं कापून राहिली, शेठ विचारतायत काय करतोस, काकू म्हणतायत हळू, हळू. एकदाची जाळी सुटली, पाटी उखडली. वळून बघतो तर बाबा नाहीत. बाहेर पळालो. पानवाला म्हणाला, आत्ताच ऑटोत बसले.

घरी पोचलो तेव्हा ते ओट्यावर होते. निळा शर्ट काढून दोरीवर टाकलेला.

मी म्हटलं, "बाबा, उद्या सामान काढायच्या आधी एकदा चला. जाळी काढली."

म्हणाले, पाहू. मग थोड्या वेळाने, मला बरं वाटावं म्हणून, "गाडी टाइमावर होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आवरायला एकटाच गेलो. हॉल रिकामा, केळ्यांचा वास. एकदा गाडी सोडली. बाहुली आता सरळ बसली होती, तोंड पुढे. पूल आला तसं मी खिशातून नाणं काढलं आणि टाकलं. इतक्या लोकांचं जमलं होतं, म्हटलं आपलंही जमेल. माझं मात्र नीट पाण्यात पडलं. टुबुक. गाडी थांबली नाही.

सगळं काही व्हिडिओ बघून शिकलो मी. पाटी कुठे लावू नये ह्याचा व्हिडिओ कोणाला सापडला तर पाठवा.